सत्तावीस फोटोंतले शेवटचे सात

नानचांग
मंगळवार, १२ ऑक्टोबर २००४

प्रिय डोरीन,

सुखरूप पोचलो. तू विचारलं नव्हतंस, तरी कळवते. विमानात वेंडेलचे पाय सुजले, माझी बॅग बीजिंगला राहिली होती ती काल आली. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने पायऱ्या उतरू नका म्हणून सांगितलंय, म्हणजे तू दिवसातून दहादा तळघरात जात असणार.

मुलगी मिळाली. काल सकाळी अकराला, सरकारी कचेरीतल्या एका दालनात. दत्तक घ्यायला आलेली आमच्या गटातली सात जोडपी कॅमेरे सरसावून भिंतीशी उभी होती. एकेका मुलीचं नाव पुकारलं जायचं आणि एकेक जोडपं रडायला लागायचं. मी रडले नाही. मी तिच्या गालांकडे बघत राहिले.

गाल गुबगुबीत होते, डोरीन. बावीस महिन्यांची पोर, आणि अंगावर असं बाळसं की रोज कुणीतरी मांडीवर घेऊन भरवत असावं. आमच्या फाइलमध्ये लिहिलंय: तिसऱ्या दिवसापासून अनाथालयात, पेज खाते, एकटी झोपते, शांत स्वभाव. चाळीस मुलांमागे पाच बाया. मी एकोणीस वर्षं विमा कचेरीत लोकांचे दावे तपासतेय. जळालेल्या गोठ्याचा फोटो बघून आग कुठून लागली आणि कुणी लावली ते मी सांगते. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

वेंडेल म्हणाला, गुटगुटीत आहे तर देवाचे आभार मान. तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. इंजिन चालू झालं की त्याचे प्रश्न संपतात.

दुपारी तिला निजवायला गेले, तर ही 'एकटी झोपणारी' मुलगी शेजारची चादर थोपटत राहिली. मी आडवी होईपर्यंत थोपटत होती. उठल्यावर तिने आपला पाय उचलून माझ्या नाकाशी धरला आणि वाट बघत बसली. मी नुसती बघतेय म्हटल्यावर दुसरा पाय धरला. आमची दुभाषी मिस ताओ हसली. म्हणाली, हा खेळ इथे घरोघरी चालतो. मोठ्यांनी पायाचा वास घेऊन तोंड वाकडं करायचं, शी शी करायचं, आणि पोराने खिदळायचं. घरोघरी. हा शब्द मी नीट लक्षात ठेवला. चाळीस पोरांच्या ऐंशी पायांचे वास घ्यायला कुठल्या बाईला सवड असते?

आणि मग तो कॅमेरा. ऑगस्टमध्ये आम्ही अनाथालयाला एक खोकं पाठवलं होतं: कपडे, पांघरूण, आणि एक वापरून टाकायचा कॅमेरा, सोबत चिनीत लिहून घेतलेली चिठ्ठी की मुलगी जिथे राहते ती जागा आणि तिला सांभाळणारी माणसं यांचे फोटो काढा. सगळीच जोडपी पाठवतात. काल तो मुलीच्या पिशवीतून परत आला. हॉटेलसमोरच्या दुकानात तासाभरात फोटो धुऊन मिळाले. एकूण सत्तावीस. पहिल्या वीसमध्ये अनाथालय आहे. खाटांची रांग, आम्ही पाठवलेल्या स्वेटरमध्ये अवघडून बसलेली ती, शेजारी ताठ उभे संचालक. शेवटच्या सातमध्ये एक घर आहे.

विटांचं घर, अंगणात सुपात वाळत घातलेल्या मिरच्या, पन्नाशीची एक बाई, एक वाळका पुरुष. मुलगी पुरुषाच्या खांद्यावर. मुलगी बाईच्या ताटातून जेवतेय. एका फोटोत बाईने तिचा पाय नाकाशी धरलाय. दोरीवर मुलीचे कपडे वाळतायत, एक-दोन नाहीत, नऊ. मागे बांबूची एक चिमुकली खुर्ची आहे, हात टेकायच्या जागी झिजलेली. खुर्ची एका दिवसात झिजत नाही.

आज नाश्त्याला मी ते फोटो मिस ताओपुढे ठेवले. तिने ते भराभर उलटले. आधी म्हणाली, कुणा कामवाल्या बाईचं घर असेल. मी खुर्ची दाखवली. मग तिने चहा बाजूला सारला आणि हळू आवाजात सांगितलं की हे फाइलमध्ये नाही, आणि फाइलमध्ये नाही ते कचेरीत दाखवू नये. प्रश्न विचारलात तर कागद थांबतील. मग मुलगी ह्या घरात परत जाणार नाही, अनाथालयातल्या खाटेवर जाईल आणि चौकशी संपेपर्यंत तिथेच राहील. चौकशी कधी संपेल ते तिला माहीत नव्हतं.

म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं नक्की. दत्तक घेणाऱ्यांच्या त्या इंटरनेटवरच्या गटात काय काय बोललं जातं ते मी वाचलेलं आहे. मुली टाकलेल्या नसतात, उचललेल्या असतात, असंही एकीने लिहिलं होतं. ही बाई तिची आईच असली तर?

जुलैत तुझ्या अंगणात कणसं सोलताना तू म्हणालीस, ते मूल नक्की कुणाचं आहे हे तुला कोण खरं सांगणार? मी उठून गेले. आता कबूल करते, तुझा प्रश्न बरोबर होता. त्या दिवशी तू आणखी एक गोष्ट बोललीस. ती मी इथे लिहीत नाही.

काल झालं ते फक्त एका दिवसाच्या ताब्याचं. आज तीन वाजता पक्की सही आणि अंगठा. तोपर्यंत 'नको' म्हणता येतं, नंतर नाही. वेंडेल म्हणतो, सही करायची. मी फोटो दाखवत होते, तेव्हा तो फोटोंकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. मग त्याने मला नेहमीचा प्रश्न विचारला. तो कुठला ते तुला ठाऊक आहे.

मुलगी आता उकडलेलं अंडं सोलतेय. एकटी, सफाईने, टरफल एका बाजूला गोळा करून. हे तिला कुणीतरी बसून शिकवलंय.

तुझी,
लिनेट

*

ग्वांगझौ
शुक्रवार, १५ ऑक्टोबर

डोरीन,

वरचं पत्र टाकलं नाही. दोन्ही एकाच पाकिटातून कुरिअरने येतील.

सही केली. हे आधीच सांगते, नाहीतर तू दारातच उभी राहून शेवटचं पान उलटशील. मुलगी आता आमची नोरा आहे. आता इथे तिच्या व्हिसासाठी थांबलोय.

पण सहीच्या आधी काय झालं ते तुला सांगायलाच हवं.

त्या शेवटच्या सातमधल्या पाचव्या फोटोत वाळक्या माणसाची तीनचाकी गाडी आहे. टोफू विकायची. तिच्या बाजूला रंगवलेला फोन नंबर आहे, आणि घराच्या भिंतीवरही तोच. मिस ताओ म्हणाली, इथल्या भिंतींवर कुणाचेही नंबर असतात, विहीर खणणाऱ्यांचे, पंप विकणाऱ्यांचे. मी म्हटलं, भिंतीवर असतील, पण आपल्या गाडीवर माणूस आपलाच नंबर घालतो. ह्या नंबरवर फोन लाव, नाहीतर तीन वाजता मी हे फोटो कचेरीच्या टेबलावर ठेवते. सरळ धमकी होती. मला त्याची लाज वाटत नाही.

वेंडेल पोरीला खाली हॉटेलातले मासे दाखवायला घेऊन गेला, तिच्या कानावर फोनमधला ओळखीचा आवाज पडू नये म्हणून. मिस ताओ आमच्या पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने स्वतःच्या मोबाइलवरून नंबर फिरवला. माझ्यापुढे अकरा प्रश्नांचा कागद होता. फोन त्या बाईनेच उचलला. तिचं नाव सुफेन.

माझे तीनच प्रश्न झाले. पाच आठवड्यांची असताना अनाथालयाने ही पोर तिला सांभाळायला दिली होती. तिथली बरीच मुलं अशी आसपासच्या घरांत वाढतात, पण फाइलचा नमुना जुना, सगळ्यांना एकच, त्यात ह्या घरांसाठी रकानाच नाही. बोलू नका, असं तिला सांगितलं होतं. वीस फोटो झाल्यावर संचालकांनी कॅमेरा मुलीच्या पिशवीत टाकायला तिच्याच हाती दिला, आणि उरलेले सात तिने मुद्दाम काढले. पाच आठवड्यांच्या आधी पोर कुठे होती ते तिला माहीत नाही म्हणाली. खरं असेल. नसेलही. ही शंका माझ्याबरोबर घरी येणार आहे, आणि एक दिवस नोरा मला तेच विचारेल.

मग ती म्हणाली, आता मी विचारते.

डोरीन, एकोणीस वर्षांत माझी अशी तपासणी कुणी घेतली नाही. तिच्या गावात म्हणतात की परदेशी लोक पोरींना नेऊन मोलकरीण करतात, मूत्रपिंडं काढून घेतात. ते खोटं असेल, ती म्हणाली, पण एवढी पैसेवाली माणसं परक्याच्या पोरीसाठी समुद्र ओलांडून कशाला येतील? त्यांच्यात काय खोट आहे? मी सांगितलं, आमची रीतसर चौकशी झालीय. समाजसेविका घरी येऊन गेली, पोलिसांनी बोटांचे ठसे घेतले, डॉक्टरचा दाखला आहे, ओळखीच्या तीन माणसांनी शिफारसपत्रं दिलीत.

मिस ताओने भाषांतर केलं. पलीकडून एकच वाक्य आलं.

"त्यांनी सगळं खरं लिहिलंय?"

तीन पत्रांतलं एक तुझं होतं. 'माझी बहीण खंबीर मनाची आहे, तिचा वाईट दिवस मी पाहिलेला नाही.' तू ते माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिलंस, मी सांगत गेले आणि तू लिहीत गेलीस. आणि जुलैत कणसं खाली टाकून म्हणालीस, लिनेट, तू माझ्याकडून खोटं लिहून घेतलंस. खरं होतं. बाळ पोटातच गेलं त्यानंतरचे अकरा आठवडे मी कुठे होते ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? मला त्या इस्पितळात गाडीने सोडायला तूच आली होतीस. डॉक्टरच्या फॉर्मवर 'मानसिक आजार' पुढे मी 'नाही' लिहिलं. खरं लिहिलं असतं तर फाइल तिथेच बंद झाली असती. गोळ्या मी अजूनही घेते, व्हिटॅमिनच्या बाटलीतून. वेंडेलचा नेहमीचा प्रश्न तोच, गोळी घेतलीस का. फोटोंतली खुर्ची मला खरंच दिसतेय की तो आजार पुन्हा बोलतोय, हे मलाही मंगळवारी सकाळी सांगता येत नव्हतं. मी दुसऱ्यांच्या फाइलमधलं खोटं शोधत बसले होते, आणि माझीच फाइल खोटी होती.

मी त्या बाईला सगळं सांगितलं. मिस ताओच्या देखत, आणि मिस ताओ ही दत्तकाच्या त्याच साखळीतली बाई. तिने कचेरीत एक शब्द काढला असता तर आम्ही रिकाम्या हाताने परत आलो असतो. मी सात-आठ वाक्यं बोलले. मिस ताओने खिडकीकडे बघत चिनीत दोनच केली. तिने काय गाळलं ते मला कधीच कळणार नाही.

 सुफेनने विचारलं, आता बरी आहेस का. मी म्हटलं, बहुतेक दिवस. त्यावर ती थोडंसं बोलली, आणि मिस ताओने ते जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण तिचा आवाज बदलला होता.

"ज्या दिवशी बरी नसशील, त्या दिवशी पोरीशेजारी कोण झोपणार?"

मी वेंडेलचं नाव घेतलं. ती म्हणाली ठीक आहे. मग पोर सकाळी भूक लागल्यावर कान ओढते, ताप आला की पाणी पीत नाही, चमच्याने पाजावं लागतं, असं बरंच सांगत गेली आणि मी ते प्रश्नांच्या कागदाच्या पाठीमागे लिहून घेत गेले. शेवटी ती रडली. मीही रडले. मिस ताओने फोन पर्समध्ये टाकला आणि एवढंच म्हणाली की तीन वाजता, पासपोर्ट विसरू नका.

कचेरीतल्या अधिकाऱ्याने ठरलेला प्रश्न विचारला, ह्या मुलीबाबत तुम्ही समाधानी आहात का, तिला कधी टाकणार नाही ना. वेंडेल मोठ्याने हो म्हणाला. मीही म्हणाले. मग लाल शाईत अंगठे बुडवले, आमचे दोघांचे, आणि तिचा चिमुकला तळपाय. फाइलमध्ये सुफेन नाही आणि माझे अकरा आठवडे नाहीत. दोन्ही बाजूंचं खोटं तसंच शिवून टाकलं.

एक गोष्ट वर गाळलीय. ती आता लिहिते.

वेंडेलचं नाव घेतल्यावर ती 'ठीक आहे' लगेच म्हणाली नव्हती. म्हणाली, पुरुष कामावर जातो. आणखी कोण? मी म्हटलं, माझी बहीण. तिने तुझं नाव विचारलं, मिस ताओकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि कुठेतरी लिहून ठेवलं. मग विचारलं, बहिणीला विचारलंय का, ती हो म्हणालीय का.

मी म्हटलं, हो. तेव्हा ती म्हणाली, ठीक आहे.

म्हणजे तुझ्या नावावर मी दुसऱ्यांदा खोटं बोलले. पहिलं आता मागे घेता येत नाही. हे दुसरं खोटंच ठेवायचं की खरं करायचं, ते तू ठरव. रागावलेली असशील तर रागातच ठरव, पण ठरव. आम्ही गुरुवारी पोचतोय. तू हो म्हणालीस तरी आणि नाही म्हणालीस तरी मी त्या नंबरवर फोन करून सुफेनला ते कळवणार आहे. तिच्याशी मला आता खोटं बोलायचं नाही.

तुला न विचारता तुझं नाव देऊन बसलेली,
तुझी बहीण
लिनेट