वाळूच्या दाव्याला वारस नेमतो त्याबद्दल

लिहून ठेवणार परशुराम गुरुदास वालावलकर, वय पन्नाशीच्या जरा पलीकडे, धंदा वकिली आणि फावल्या वेळात साप्ताहिकातून लोकांची टिंगल, राहणार मेढा, मालवण, जिल्हा रत्नागिरी. माझे डोके ठिकाणावर आहे. नाही असे ज्यांचे म्हणणे आहे, ते सगळे माझ्याविरुद्ध दावे हरलेले आहेत. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणू शकेल अशी एकच व्यक्ती असून ती सध्या ओसरीवर चहा पीत बसली आहे. तिचा उल्लेख पुढे येईल.

प्रकृती उत्तम आहे. फक्त सावंतवाडीचे डॉक्टर, जे शाळेपासून मला परशा म्हणत आले, ते परवा छाती तपासल्यावर एकदम 'वालावलकरसाहेब' म्हणू लागले. तेवढ्यावरून मी दौत पुढे ओढली. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र आहे. मी गेल्यावर ते अमलात यावे. त्याआधी कोणी घाई करू नये.

कलम १. माझे लग्न झालेले नाही. कारणे साप्ताहिकात छापून आलेली आहेत. जवळचा नातेवाईक म्हणजे पुतण्या दत्ताराम, राहणार गिरगाव. हा गणपतीला येतो तेव्हा पाया पडण्याआधी घराचे वासे न्याहाळतो. गेल्या खेपेस त्याने पावलांनी दारापुढचे खळे मोजले आणि म्हणाला, "काका, इथे लॉज काय झकास चालेल." मी त्या वेळी त्याच खळ्यात बसलेलो होतो, आणि हयात होतो. घर मी स्वतःच्या कमाईने बांधलेले असल्यामुळे त्यावर त्याचा हक्क पोचत नाही. मात्र त्याला माझा शिसवी पलंग द्यावा. त्यावर एका वेळी एकच गिऱ्हाईक झोपते, पण लॉजची सुरुवात म्हणून पुरे.

कलम २. माजी खोतांच्या वकिलांना अडुळशाच्या औषधाची बाटली द्यावी. माझा मुद्दा बिनतोड असला की कोर्टात त्यांना खोकला येतो. मी गेल्यावर तो आपोआप बरा होईल अशी त्यांची समजूत आहे. ती खोटी ठरावी, याचीच तजवीज पुढच्या कलमांत केली आहे.

कलम ३. खोती कायद्याने गेली, पण आमच्या माजी खोतांना ते कोणी समजावून सांगितले नसावे. त्यांनी किनाऱ्याच्या वाळूत खांब पुरून तारेचे कुंपण घातले आणि वाळू आपली म्हणून सांगितले. नेमकी तिथेच बाबली खोबरेकराची रापण ओढतात. हे वाचणारे न्यायाधीश बहुधा घाटावरचे असतील, म्हणून खुलासा करतो: रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल सोडलेले भले लांब जाळे. त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात, त्याला वाळूच लागते. वाळू गेली म्हणजे रापण गेली, आणि रापण गेली म्हणजे अख्ख्या वाडीच्या चुली गेल्या. म्हणून बाबलीच्या वतीने मी दावा लावला.

१९६१च्या मेमध्ये मुंबईच्या लॉ कॉलेजातले तीन विद्यार्थी सुट्टीत माझ्या मदतीला आले. त्यांतली एक आमच्या इनास मास्तरांची मुलगी सेलेस्तीन. गरिबांचे दावे विनामोबदला चालवायचे, या विचाराने तिघेही पेटलेले होते. शहरात पेटलेली माणसे आमच्या दमट हवेत लवकर विझतात. ही विझली नाहीत. दिवसभर वाळूत बसून त्यांनी म्हाताऱ्यांचे जबाब लिहून काढले, आणि संध्याकाळी हौसेने दोरालाही हात लावला. ओढण्यापेक्षा लोंबकळलेच जास्त, पण लावला.

मासळी वर आली. बाबलीने नेहमीप्रमाणे वाळूवर वाटे घातले आणि तिघांसमोर तारल्यांचा एकेक ढीग ठेवला. सेलेस्तीनने हात जोडले. मास्तरांची मुलगी, मासळी तिने दारात टोपली उतरवणाऱ्या मथुरेकडूनच घेतलेली.

"नको हो. आमी फी घेत नाय," ती म्हणाली.

"फी कोणी दिल्यान?" बाबली म्हणाला. "ह्यो वाटो आसा. दोराक हात लावलास मां?"

"तरी पण नको. आमचो नियम आसा."

बाबली दोर गुंडाळायला वळला. तिघेही फार समाधानाने घरी आले आणि माझ्याकडचे भात-आमटी जेवले. दुसऱ्या दिवशी तारीख होती. कोर्टात मी होतो, विद्यार्थी होते, न्यायाधीश होते, साक्षीदार एकही नव्हता. पुढची तारीख पडली. खोतांचे वकील चक्क हसले. त्या दिवशी खोकल्याची गरजच नव्हती.

मी तडक किनाऱ्यावर गेलो. मागून तिघे.

"बाबल्या, खंय होतंस रे?"

"घराकडेच होतंय. येवन काय करू, वकीलसायब? तुमच्या पोरांनी दावो सोडल्यानी."

"कोण म्हणता?"

"म्हणूक कित्याक व्हया? वाटो थंयच ठेवन गेली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रापणीत बोलाचाली, करारमदार काही नसते. दोराला हात लावून जो वाटा उचलतो, तो उद्याही ओढायला येणार. जो वाटा तसाच ठेवून जातो, त्याने आपले नाते तोडले. भांडण न करता रापण सोडायची हीच रीत. माझ्या विद्वान विद्यार्थ्यांनी भर किनाऱ्यावर, सगळ्यांसमक्ष, हात जोडून राजीनामा दिला होता.

सेलेस्तीन कानशिलापर्यंत लाल झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती एकटी रापणीवर गेली, तळहात सोलून निघेपर्यंत दोर ओढला आणि आपला वाटा पदरात बांधून भर बाजारातून चालत घरी आली. मथुरेने टोपली उतरवून तिच्याकडे डोळे भरून पाहिले.

"आता खंय तू वकील झालंस गो बाय," ती म्हणाली. "वास येता तुझो."

पुढच्या तारखेला साक्षीदार इतके आले की न्यायाधीशांनी अर्धे परत पाठवले. कुंपण निघाले. खोतांनी रत्नागिरीस अपील केले आहे, ते अजून पडून आहे. मी ते पडून असतानाच गेलो, तर उभे कोण राहणार, हा या दस्ताचा खरा विषय आहे. बाकी सगळा पलंग आणि अडुळसा.

कलम ४. पोस्टातली माझी शिल्लक दर मे महिन्यात येणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या जेवणाखाणावर खर्च व्हावी. त्यांनी आधी दोर ओढावा, मग तोंड उघडावे, आणि वाटा मिळेल तो मुकाट्याने घ्यावा. काही न घेणारा माणूस केव्हाही निघून जाऊ शकतो, आणि हे ज्याला द्यायचे असते त्याला बरोबर कळते.

कलम ५. राहते घर, कायद्याची पुस्तके आणि ओसरीवरचे वकिलीचे टेबल मी सेलेस्तीन इनास रोझारियो, बी.ए., एल्एल.बी., हिला पूर्ण मालकी हक्काने देतो. ~~तिने हे घर कधीही विकू नये, मुंबईच्या सॉलिसिटरांनी देऊ केलेली नोकरी धरू नये, आणि मरेपर्यंत मालवणातच गोरगरिबांची वकिली करावी.~~

वरील मजकूर मी खोडला असून शेजारी सही केली आहे. कारण नमूद करतो. मसुदा वाचायला दिला तेव्हा ओसरीवरील व्यक्ती चहा ठेवून आत आली.

"काका, ही अट टिकूची नाय. पूर्ण मालकी दिल्यार मालकान काय करूचा ता तुमी कशे सांगतलास? घर माका ऱ्हवतला आणि अट गळान पडतली."

इतकी वर्षे वकिली करून मला हे माहीत नव्हते असे नाही. मी म्हटले, "कायद्याचे राहू दे. तू मुंबईला जाणार की नाही ते सांग."

"बांधून घातलास तर जातलंय," ती म्हणाली. "आधी ता खोडा."

मी खोडले. मग पुन्हा विचारले. तिने टेबलावरचे रत्नागिरीच्या अपिलाचे वकीलपत्र ओढले, माझ्या नावाखाली आपले नाव लिहिले, आणि साक्षीसाठी येऊन बसलेल्या बाबलीपुढे अंगठ्याकरता धरले. त्याने अंगठा उठवला, लुंगीला पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "झाला तर. आता तुमका मरूक हरकत नाय, वकीलसायब."

माझी हरकत अद्याप कायम आहे, असे मी त्याला तिथल्या तिथे कळवले असून या दस्तातही लिहून ठेवतो.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचून पाहिले, मला पसंत पडले, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष खाली सही केली.

मुक्काम मालवण, रविवार, तारीख ९ फेब्रुवारी १९६४

(सही) परशुराम गुरुदास वालावलकर

साक्षीदार, ज्यांनी लिहून ठेवणाराला सही करताना पाहिले आणि मग त्याच्यासमक्ष आपली निशाणी केली:

१. बाबली विठोबा खोबरेकर, धंदा रापण. डाव्या हाताचा अंगठा.
२. मथुरा तुकाराम खोबरेकर, धंदा मासळी विक्री. सही. (अंगठा नको म्हणाली. सहीला वेळ लागला. आम्ही थांबलो.)