निरीक्षक नोंदणीकृत नाही

प्रिय घार,

पत्ता तुझ्या मुलीकडून मिळवला. तिने तो लगेच दिला आणि वर, मावशी, सरळ फोनच करा ना, असा सल्लाही दिला. फोनवर तू दोन वाक्यांत मला गप्प करतेस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र.

आधी बातमी. आपल्या पाणथळीवर भराव टाकून बसगाड्यांचा डेपो करण्याचा घाट घातलाय. पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला सुनावणी आहे आणि तिथे वह्या चालत नाहीत. वन्यजीव नोंदणी केंद्राच्या संगणकात जे असेल तेवढंच खरं. महिनाअखेरपर्यंत जे आत गेलं नाही, ते घडलंच नाही म्हणे. म्हणून मी आपल्या एकोणीस वह्या टंकायला बसले. दोन महिने जेवणाच्या टेबलावर वह्यांचा डोंगर होता. धाकटा भाऊ ओट्याशी उभा राहून जेवायचा आणि विचारायचा, ताई, पक्षी एव्हाना म्हातारे होऊन मेले असतील, आता तरी टेबल देतेस का. सहा हजार दोनशे चाळीस ओळी झाल्या. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीने चिखलात पाय पुसलेले, तरी मला ते अजून वाचता येतं.

फाइल चढवली, आणि निम्म्याहून जास्त ओळी लालभडक. पहिली भानगड आपलीच होती. बगळ्याला आपण बावीस ठिकाणी 'मुख्याध्यापक' लिहिलंय, कारण तो हात मागे बांधून पोरांवर नजर ठेवल्यासारखा उभा राहतो. यंत्राचं म्हणणं, अशी प्रजाती अस्तित्वात नाही. कुठल्याही शाळेत जाऊन बघ म्हणावं. ते मी निमूटपणे दुरुस्त केलं. चूक आपली होती, तिथे मी भांडत नाही. हसू नकोस.

खरी गंमत तारखांची. मी आधी दिवस लिहिला, मग महिना, जसा माणसं लिहितात. यंत्र आधी महिना वाचतं. बाराच्या पुढचा दिवस आला की त्याला तेरावा महिना सापडेना, मग ते ओळ लाल करून परत पाठवी. हे ठीक, निदान प्रामाणिक तरी. पण बारापर्यंतचे दिवस त्याने गुपचूप गिळले. सात नोव्हेंबर लिहिलं ते अकरा जुलै झालं. थंडीत येणारी आपली बदकं ऐन जुलैत तळ्यावर पोहू लागली, आणि त्यांच्यापुढे हिरवी खूण, 'यशस्वी'. म्हणजे लाल ओळी खऱ्या आणि हिरव्या बहुतेक खोट्या. डेपोवाल्यांच्या वकिलाने यातली एक ओळ काढून दाखवली असती तर बाकीच्या साऱ्या केरात गेल्या असत्या.

मी केंद्रात गेले. दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्रामागे, तिथला अधिकारी बसतो. पन्नाशीचा गृहस्थ, गळ्यात चष्मा आणि टेबलावर दुसरा चष्मा. मला म्हणतो, आजी, अडीच हजार ओळी हिरव्या झाल्यात ना, कशाला खाजवून खरूज काढताय. मी सांगितलं की मी कुणाची आजी नाही, आणि चौतीस वर्षं रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काढलीत. चुकीचा अहवाल वेळेवर मिळाला म्हणून रोगी बरा होत नाही. सगळ्या ओळी पुसा, मी पुन्हा चढवते. त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून दुसरा लावला, बहुधा मी बदलते का ते बघायला. नाही बदलले. घरी येऊन दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने केले. कॉन्व्हेंटातल्या आपल्या सिस्टर महिन्याचं नाव अक्षरी लिहायला लावायच्या आणि नाही लिहिलं तर बोटांवर पट्टी बसायची. साठ वर्षांनी कळलं की बाई दूरदृष्टीची होती.

आता तारखा चोख आहेत. पण एकोणीसशे ओळी अजून लाल आहेत, त्यात तारखेची चूक नाही, जागेची नाही, पक्ष्याची नाही. एकच कारण, 'निरीक्षक नोंदणीकृत नाही'. निरीक्षक तू. पहिल्या चौदा वह्यांतल्या या ओळींत पाहिलं तू, लिहिलं कधी तू, कधी मी, हे तुलाही माहीत आहे. वेताच्या बेटात हललेलं पान तुला बांधावरून दिसायचं, मला दुर्बीण लावूनही पानच दिसायचं. अधिकारी म्हणाला, सोपं आहे मॅडम (आता मॅडम म्हणतो), त्या रकान्यात तुमचं नाव टाका, दोन मिनिटांत हिरवं होईल, बघतंय कोण. मी म्हटलं, एकाच्या रक्ताच्या नळीवर दुसऱ्याची चिठ्ठी लावणाऱ्याला आमच्याकडे त्याच दिवशी घरी पाठवायचे. तो म्हणाला, मग पाणथळ जाईल. मी म्हटलं, गेली तर मी वह्या पिशवीत घालून सुनावणीला जाऊन बसेन आणि हाकलेपर्यंत वाचत राहीन. हे मी उगाच बोलले नाही. पिशवी दारामागे भरून ठेवली आहे.

आता जे लिहायचंय त्यासाठी चहा करून आले. चौदाव्या वहीतलं शेवटचं पान. जुन्या पंपाच्या खोलीजवळ पाणमांजराची मादी, सोबत दोन पिल्लं. त्या सकाळी मी कामावर होते. संध्याकाळी वही पाहिली, मुंगूस असणार असं ठरवलं, आणि लाल पेनाने आडवी रेघ मारून समासात 'शंकास्पद' लिहिलं. तुला विचारलंसुद्धा नाही. तू दुर्बीण माझ्या टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. त्याला अकरा वर्षं झाली. मी सगळ्यांना सांगत आले की तू रुसकी आहेस.

चार वर्षांपूर्वी मी ती पाहिली. त्याच पंपाच्या खोलीजवळ, दहा पावलांवर, तीन पिल्लं पाठीमागे. तारीख-वेळ चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी वहीच्या पुठ्ठ्यात सरकवून ठेवली. वहीत उतरवली नाही, कारण उतरवली असती तर 'दुसरी नोंद' असं लिहावं लागलं असतं.

सुनावणीत एका नोंदीला योगायोग म्हणतात. सात वर्षांच्या अंतराने त्याच जागी पिल्लं दिसली तर त्याला वस्ती म्हणावं लागतं, आणि वस्तीवर भराव टाकता येत नाही. माझी नोंद काल चढवली. तुझ्या नोंदीवरची शंका मी लेखी मागे घेतली. तिथे कारण विचारतात. मी लिहिलं, 'शंका घेणारी तिथे नव्हती, पाहणारी होती.' पण तुझ्या सहीशिवाय ती ओळ आत जात नाही, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. सोबत निरीक्षक नोंदणीचा अर्ज जोडलाय. बाकी सारं मी भरलंय, फक्त सहीची जागा मोकळी आहे. अठ्ठावीस तारखेच्या आत पोचव. माझ्यावर रागावायचा तुला पूर्ण हक्क आहे, तो मी मागे घे म्हणत नाही. सही कर आणि मग हवं तितकं रागाव. आणि नाहीच केलीस, तर त्या एकोणीसशे ओळी लाल राहतील. माझ्या नावाने मी त्यांना हिरवं होऊ देणार नाही.

तुझीच, अजून तितकीच हट्टी,
मुंगी