दिव्याखालची लादी

सोम., १० नोव्हें.
...सकाळचं पाणी भरून झालं, चहा झाला, मग केर. हे होते तेव्हा दारापाशी पेपर पसरून बसलेले असायचे. "पाय उचला," म्हटलं की म्हणायचे, "तूच लादी उचल." रोज तेच. मी वाचायला शिकले ती यांच्या जुन्या पेपरांवरच.

हे गेले तेव्हा त्याच जागी दिवा ठेवला होता. दहावं होईपर्यंत तेवत होता. तेल शहाबादीत मुरलं ते मुरलंच. सोड्यानेही निघेना. पुढे मी घासणंच सोडलं.

परवापासून प्रशांत सगळी लादी काढून टाइल्स बसवून घेणार. दिव्याखालची तेवढी एक अख्खी काढायला सांग, म्हटलं. "आई, खडूने खूण करून ठेव. मिस्त्रीला सांगतो." गुणी आहे मुलगा.

मंगळ., ११
संध्याकाळी फुली मारली. ठळक.

बुध., १२
परकी माणसं येणार, घर तसंच कसं दाखवायचं? म्हणून लवकर उठून लादी पुसून घेतली. फोडायची लादी.

सामान शेजारी सावंतवहिनींकडे ठेवून आले, तर दारापासूनच हातोडा चाललेला, ती लादी फुटलेली. मिस्त्री म्हणाला, "निशान किधर था आंटी? मैंने देखा, नहीं था." त्याचं काय चुकलं. फुली माझ्याच फडक्याला लागलेली.

प्रशांतने पाण्याचा तांब्या पुढे केला. ओरडला असता तर बरं.

गुरु., १३
गॅलरीत राबिटच्या, फुटक्या लाद्यांच्या गोण्या. धूळ तांदळात, दातांत, यांच्या फोटोवर. धुळीने तुकडे सगळे सारखेच पांढरे. मग आठवलं, तेल मुरलेल्या दगडात पाणी जिरत नाही. बादली घेऊन बसले. एकेक तुकडा बुचकळायचा, बघायचा.

सावंतवहिनी : "दगडांका आंघोळ घालतंस काय गो?"
हो म्हटलं. जरा वेळाने त्याही तांब्या घेऊन शेजारी बसल्या. दिव्याची गोष्ट त्यांना ठाऊक.

शुक्र., १४
एक सापडला. तळहाताएवढा. पाणी ओघळून गेलं. पण शेगडीजवळच्या लाद्यांवरही तेल सांडायचंच की. कुठला हा, कसं कळणार? वहिनी म्हणाल्या, "ह्योच तो." मला बरं वाटावं म्हणून.

उरलेल्या गोण्या तशाच राहिल्या. खालचे लोक जिन्यात वाट नाही म्हणून ओरडले. दुपारी प्रशांतने टेम्पो बोलावला. "आई, आता बस कर ना." हात सोलपटलेत. बस केलं.

गोण्या कुठे टाकतात, प्रशांतला विचारलं. त्यालाही माहीत नाही.

बुध., १९
काल टाइल्स बसून झाल्या. चकचकीत. चालताना पाय परका वाटतो. प्रशांतने विचारलं, आवडल्या ना? छान आहेत म्हटलं. तुकडा तुळशीच्या कुंडीमागे आहे. त्याच लादीचा की नाही, अजून...

आज प्रशांत कामाला गेल्यावर दारापाशी, त्या जागी, तेलाचा थेंब टाकला. स्वयंपाक होईपर्यंत राहू दिला. मग फडक्याने पुसला. खाली काहीच मुरलं नव्हतं.