रिपोर्टमधलं शून्य

९ जानेवारी

लिहीन लिहीन म्हणत तेरा दिवस ढकलले. वही उघडायची, पेन झटकायचं, आणि जिमचे आरसे पुसायला पळायचं. आरसे इतके चकाचक कधीच नव्हते!

तर — रिपोर्ट आला. शुक्राणू शून्य. कमी नाही. शून्य.

डॉक्टरीणबाई माझ्या दंडाकडे बघत म्हणाल्या, "इंजेक्शनं घेतोस ना?"

१० जानेवारी

विसरायच्या आत त्यांचं बोलणं लिहितो. "तू बाहेरून पुरुषी हार्मोन ओतलंस. मेंदूला वाटलं, रक्तात भरपूर आहे. मग त्याने खाली निरोप धाडणंच थांबवलं. टाकी भरली की पंप बंद, तसं." निरोप नाही, तर शुक्राणूही नाहीत. इंजेक्शनं सोडली तर वर्षभरात सुरू होईल. बहुधा.

आणि मी काय केलं? दोन वर्षं मूल होईना, म्हणून डोस दुप्पट! जिमचा मालक — पैलवान — स्वतः सुई टोचत म्हणाला होता, "मर्दानगी वाढव, पाळणा हललाच समज." मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

१२ जानेवारी

लाज वाटते. बस.

१५ जानेवारी

हे माझं चौथं शहर. कुठे बूड टेकत नाही माझं. बायको तिकडे गावी, माझ्या आईजवळ. आज तिचा फोन — मूल का होत नाही ते बघायला अठराला तिची दुर्बिणीची तपासणी. भूल देऊन, पोटाला छिद्रं पाडून.

मागून आई, मुद्दाम मोठ्याने, "माझ्या पोराचे दंड बघा! त्याच्यात कसली आलीय खोट?"

बायको हळूच म्हणाली, "येशील ना?"

मी ट्रेडमिलच्या तुटलेल्या पट्ट्याबद्दल बोलत सुटलो. पाच मिनिटं! तिने सगळं ऐकून घेतलं.

१६ जानेवारी

रिपोर्टचा फोटो पाठवला तिला. खाली लिहिलं — तुझ्यात काही खोट नाही. माझ्यात आहे. तपासणी रद्द कर.

निळी खूण आली. वाचलं म्हणजे. उत्तर नाही.

१७ जानेवारी, सकाळ

अजून नाही. बरोबरच आहे तिचं. काय बोलणार माझ्याशी?

१७ जानेवारी, दुपार

आई आली आहे! एकटी. जन्मात कधी एकटीने बस पकडली नाही तिने. हातात बायकोचा फोन.

"तिने नाही वाचलं, मी वाचलं. फोन बिघडलाय म्हणून सांगितलंय तिला. हे पुसून टाक, बाळा. उद्या तिची तपासणी होऊन जाऊ दे."