पारावरून जाताना

खोडद, १२ जुलै २००४

ती. सौ. शकुअक्कास, इंदूचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण तेजस्विनी, माझी धाकटी जाऊ. इथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ऑफिसात टायपिंगला लागली, म्हणून भाऊजींनी तिला लाल सायकल घेऊन दिली. सायकलचं मला काही नाही, माझी काळी आहेच. पण ही दारातच टांग मारते! पारावर आबा आणि त्यांची मंडळी बसलेली, त्यांच्यापुढून घंटी वाजवत जाते. सासऱ्यांपुढून!

मी लग्न झाल्यापासून मांजरवाडीच्या शाळेत शिकवायला जाते. डोक्यावर पदर, सायकल हातात, अशी पार ओलांडते आणि ओढ्यापाशी सायकलवर बसते. मी दिसले की पार गप्प होतो. तो मान मी जपत आले. काल आबा तिला ओरडून म्हणाले, ए विमान, दमानं जा, पुढं चिखल हाय. सगळे हसले. मला आबांनी कधी हाकसुद्धा मारली नाही. वाटलं, तिच्या चाकातली हवा सोडून द्यावी. शिक्षिकेच्या मनात हे यावं? पण आलं.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
इंदू

घोडेगाव, १९ जुलै

चि. सौ. इंदूस, अ. उ. आ.

हसले, रागावू नकोस. पण तुला उतर म्हणून सांगितलं कुणी? आबांनी? सासूबाईंनी? आठवून बघ. आपली आई सासरच्या वेशीत बैलगाडीतून उतरायची आणि मारुतीपुढून चालत यायची. तू तेच सायकलवर केलंस, असं मला वाटतं. हवाबिवा सोडू नकोस, आबांनाच विचार. दाजी म्हणतात, हातानंच न्यायची तर सायकलीपेक्षा बैल बरा.

मुलांना पापे. पत्र लवकर टाक, मला चैन नाही.

तुझी,
अक्का

खोडद, २८ जुलै

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

विचारलं. आबा आधी चाचरले. मग म्हणाले, मला वाटायचं पोरीला माणसांत सायकल चालवाया येत न्हाई, घाबरती. शिकलेली पोर, लाजंल, म्हणून पारावर सगळ्यांना दम दिला व्हता, तिच्याकडं कुणी बघायचं न्हाई, हसायचं न्हाई.

अक्का, मी ज्याला मान समजत होते ती दया होती. तेजस्विनीला चिडवतात, कारण तिला येतं.

आज मी दारातच सायकलवर बसले. पाराजवळ पोचते तर मंडळी धडपडून उठली. भगवंतमामांनी म्हैस बाजूला ओढली. आबा चप्पल न घालताच धावत आले आणि मागून कॅरियर धरलं. भिऊ नको पोरी, म्या धरलंय, तू पुढं बघ!

आबा, सोडा, मला येतं, एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. ओढ्यापर्यंत ते धापा टाकत पळाले आणि मी मुद्दाम हळू चालवली. मागे तेजस्विनी घंटी वाजवत होती. वाट अरुंद. शेवटी तिला उतरावं लागलं.

उद्या सांगते आबांना. निदान परवा.

लोभ असू दे, आत्ता मला त्याची गरज आहे.

तुझी,
इंदू