आळ्याचं ताक

जुन्नर,
१२ मार्च २०२५

पूज्य महासती समताश्रीजी यांना श्राविका गुलाबबाईची तीन वेळा वंदना. गुरुणीजींनाही वंदना. मंचरच्या जैन स्थानकात आपण सगळ्या सुखसातेत असाल.

इकडे ठीक आहे. तुमचे संसारातले वडील गुडघ्यामुळे आता दुकानात खुर्चीवर बसतात. गादी सुटली म्हणून दिवसभर कुरकुरतात आणि गिऱ्हाईक आलं की गप्प होतात. पत्र तुमच्या भावाच्या, पारसच्या हाती देते आहे. फोन तुम्ही घेत नाही, आणि तोंडावर हे मला बोलवणार नाही.

दीक्षेला सात वर्षं झाली, तरी पोटच्या पोरीला 'तुम्ही' लिहिताना हात अडतो. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

येत्या अष्टमीला तुम्ही वर्षीतपाच्या नियमाचं पच्चक्खाण घेणार असं कळलं. वर्षभर एक दिवस उपास, एक दिवस जेवण. गावातली माणसं माझं अभिनंदन करायला दुकानात येतात. मी हसते आणि काहीतरी आणायच्या निमित्तानं आत जाते.

परवा दर्शनाला आले तेव्हा तुमच्या सोबतच्या धाकट्या महासतीजींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, समताश्रीजींना लघवीची आग पुन्हा सुरू झाली आहे, दोनदा थंडी वाजून ताप आला, पण त्या कुणाला सांगू देत नाहीत. म्हणतात, 'आळ्याच्या चातुर्मासात तपानं गेलं होतं, आताही तपानंच जाईल.'

आळे गावी त्या चार महिन्यांत काय झालं ते मला ठाऊक आहे.

त्या चातुर्मासाआधी वर्षभरात चार वेळा तुम्हाला तो त्रास झाला होता. अँटिबायोटिक संपलं की महिन्याभरात परत. डॉक्टर वैजयंतीबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं, मूत्रपिंडाला सूज आहे, पाणी भरपूर प्यायला हवं, धरून ठेवायचं नाही. सूर्यास्तानंतर तुम्ही थेंब घेत नाही. विहारात, पायी वाटेवर, आडोशाची जागा मिळत नाही म्हणून दिवसाही घसा ओला करण्यापुरतंच पिता. त्यांनी प्रोबायोटिकच्या कॅप्सूलही लिहून दिल्या. 'काहींना फरक पडतो, काहींना नाही. रोज घेऊन बघू,' एवढंच म्हणाल्या. तुम्ही खोका वाचलात. त्यावर जिवंत जंतू, इतके कोटी, असं छापलेलं. 'एवढे जीव मी कसे गिळू?' म्हणून तो माझ्या हातात परत दिलात.

अँटिबायोटिकनं कोट्यवधी मरतात ते चालतं, हे मी बोलले. तुम्ही म्हणालात, तो नाइलाज. मी खोका पिशवीत टाकला आणि वाद सोडला, असं तुम्हाला वाटलं.

मी चार महिने आळ्याला तुमच्या आत्याकडे राहिले ते धर्मध्यानासाठी नव्हे. तुम्ही पात्र घेऊन गोचरीला कधी याल याचा नेम नसतो, म्हणून मी कॅप्सूल फोडून पूड वाटीत काढून ठेवायची. ओसरीवर तुमचा आवाज आला की ताकात ढवळायची. ताक पात्रात घालण्याआधी तुम्ही विचारायचात, 'निर्दोष आहे ना?' मी हो म्हणायची. असं अकरा वेळा झालं.

भांडी घासणाऱ्या सारजाबाईनं एकदा पाहिलं. म्हणाली, "आवं बाई, लेक साध्वी झाली तरी तिला इचारून तर घाला. कळलं तर तुमच्या हातचं पाणी न्हाई पिणार ती." मी तिला तिचं काम कर म्हटलं. तिचं बोलणं मला लई लागलं, कारण ते खरं होतं.

तुम्हाला बरं वाटू लागलं. व्याख्यानात तुम्ही तपाचा महिमा सांगितलात, तेव्हा मी बायकांत बसून मनात म्हणत होते, महिमा कसला, माझं ताक आहे ते. असा गर्व मी केला. दिवाळीनंतर तुम्ही विहार केलात आणि ताक थांबलं.

आज सकाळी डॉक्टरबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "अहो, चार महिन्यांत अकरा कॅप्सूलनी काय होणार? चातुर्मासात त्या एका जागी होत्या, जागेची सोय होती, दिवसा पाणी प्यायल्या. बरं वाटलं ते बहुतेक त्यानंच." आणि हेही म्हणाल्या, की या मूत्रपिंडावर आता एक दिवसाआड उपास म्हणजे जिवाशी खेळ आहे. ताप आला असेल तर आजच्या आज जवळच्या दवाखान्यात न्या.

म्हणजे मी तुमचं व्रत फुकट बाटवलं. तुम्ही तपावर भरवसा ठेवलात, मी ताकावर ठेवला, आणि दोघींचंही चुकलं. फरक इतकाच, की तुमच्या चुकीत खोटेपणा नव्हता.

गुरुणीजींनी हे वाचलं तरी चालेल, वाचावंच. प्रायश्चित्त माझं, जे सांगाल ते करीन. माझ्या दारची गोचरी तुम्ही जन्मभर टाळलीत तरी मी कुणापाशी तक्रार करणार नाही. कॅप्सूल घ्यायच्या की नाही ते तुम्ही दोघी ठरवा. खोका पारसकडे दिला आहे, उघडा, सगळ्यांना दिसेल असा. पण त्या चातुर्मासाच्या भरवशावर अष्टमीला हात जोडू नका. पारस बाहेर थांबला आहे, स्थानकापासून दवाखाना चालत जाण्यासारखा आहे.

श्राविकेचं लिहून झालं. आता एकच ओळ, ती तुमच्या गुरुणीजींनी वाचली नाही तर बरं.

रिंकू, दिवस मावळायला अजून वेळ आहे, आधी पाणी पी.

तुझी आई