फुंकर जाईल असं कापड

माय, तुझी नात आज सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला परत गेली. जाऊ नको म्हटलं तर म्हणे, "घरी बसून काय करू, कूलरची हवा खाऊ?" तुझीच जीभ घेऊन आली आहे पोरगी. आपल्या भातकुलीकडे आता वावरंच्या वावरं सोलरच्या पाट्या उभ्या केल्या आहेत, उन्हावर वीज करतात, तिथं ती कामाला आहे. दिवसभर त्या काचांच्या रांगांमधून चालायचं, कुठं तार सुटली, कुठं काच तडकली ते पाहायचं. वरून ऊन लागतं ते लागतंच, काचेवरून उलटून येतं ते वेगळं. मागच्या आठवड्यात तिथंच चक्कर येऊन पडली. सलाइन लावलं आणि सोबतच्या पोरींनी इथं अकोल्याला आणून सोडली. मी पन्हं पाजलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, जरा चेहऱ्यावर तजेला आला तर लगेच बॅग भरायला बसली. मी पाठवली असं म्हणायचं, पण माझं कोण ऐकतं! ती गेली.

म्हटलं, जातेच आहेस तर कपडे तरी धड घालून जा. कंपनीनं तिला गर्द निळा टी-शर्ट दिला आहे, चकचकीत, अंगाला चिकटून बसणारा. "यात घाम लगेच वाळते, आई," असं मलाच शिकवते. घाम वाळतो की माणूस आतल्या आत शिजतो, ते त्या कंपनीवाल्यांनी एक दिवस घालून पाहावं. मग आम्ही दोघी जठारपेठेत गेलो. दुकानदारानं सदऱ्यांचा ढीग पुढे टाकला, प्रत्येकावर कॉटन लिहिलेलं. मी एकेक उचलला, तोंडापुढे धरला, मागे तळहात लावला आणि फुंकर मारली. तळहाताला काही लागेना. दुसरा घेतला, तिसरा घेतला. पोरगी माझा पदर ओढायला लागली, "आई, काय करून राहिली तू! लोक पाहून राहिले." "पाहू दे, त्यांच्या बापाचं काय जाते!" दुकानदार बिचारा हसून म्हणाला, "ताई, कापड आहे ते, बासरी नाही." मलाही हसू आलं, पण माय, त्या सगळ्या ढिगात एक कापड असं निघालं नाही की ज्यातून माझी फुंकर आरपार गेली. पाच-सहा दुकानं फिरले. कापसाच्या मुलखात सुती सदरा मिळू नये, याला काय म्हणावं!

ही फुंकर तुझीच आहे. मी अमरावतीला कॉलेजात होते, उन्हाळ्याच्या सुटीत आले होते आणि अंगात नवा नायलॉनचा कुडता होता, मैत्रिणींनी वाखाणलेला. तुला दाखवायचा म्हणून तशीच वावरात आले. तू धुऱ्यावर, बांधाच्या टोकाशी उभी आहेस. लुगड्यावर बाबांचा जुना पांढरा सदरा, लांब बाह्यांचा, कॉलर विरलेली. डोक्याला ओला दुपट्टा, सदऱ्याच्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा. बाया धसकटं वेचत आहेत. तू मला वरपासून खालपर्यंत पाहतेस. "हे काय घालून आली वं? तपन आहे, लग्न नाही!" आणि सगळ्या बायांदेखत माझ्या कुडत्याचं टोक तोंडाशी नेऊन फुंकर मारतेस. "ज्याच्यातून वारा जात नाही, त्याच्यातून घाम काय जाईन? अंगाले चिपकन ते कापड वावरात आणाचं नाही. अंगाच्या आन् कापडाच्या मंधी वाऱ्याले फिराले जागा पायजे." बाया खो खो हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू बाबांचा दुसरा सदरा माझ्या पुढ्यात टाकलास, धुऊन धुऊन मऊ झालेला. "नवं कापड तापते. हे घाल." बाबा ओरडले, "माहे दोन्ही सदरे गेले! आता मी का उघडा फिरू?" तो सदरा मी पुढं किती वर्षं वापरला, विटून चिंध्या होईपर्यंत.

एवढं सगळं तुला ठाऊक होतं आणि तरी पुढच्याच वैशाखात तू त्याच वावरात उन्हानं गेलीस. सदरा घातला होतास. दुपट्टा होता, खिशात कांदा होता. मी अमरावतीहून पोचले तेव्हा तुला ओसरीवर ठेवलं होतं आणि सोबतच्या बाया रडत रडत पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या. "सकाळपासून घामानं निथळून राहिली होती. मंग घाम थांबला. आमाले वाटलं, उतार पडला." म्हणून त्यांनी तुला लिंबाखाली निजवलं. डोळा लागला म्हणून कोणी उठवलं नाही. मी तुझ्या सदऱ्याला हात लावला तर तो कोरडा ठणठणीत होता, आणि मलाही तेव्हा वाटलं, चला, शेवटी तरी तिला त्रास झाला नसेल.

या आठवड्यात पोरीला इथल्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते सहज म्हणाले, एवढ्या उन्हात घाम यायचा थांबला तर ते बरं होणं नव्हे, तीच खरी धोक्याची खूण. आता हे कळून मी काय करू, माय? कोणाला जाऊन सांगू? त्या बायांनी तर तुला मायेनंच निजू दिलं होतं.

पोरीला मात्र बजावलं. घाम थांबला की काम सोडायचं, सावलीत जायचं, कोणाला तरी हाक मारायची. तर ती म्हणते, "सावली कुठं आहे तिथं? झाडं तोडून टाकली सारी. काचेवर सावली पडली का वीज कमी होते." म्हणजे तुझा लिंबही गेला असेल. यावर मी तिला काय सांगायचं? जिथं सावली पडू नये म्हणून झाडं तोडतात, तिथं माझी पोरगी उन्हात चालते आहे, आणि मी अकोल्यात बसून सदरे फुंकते आहे. कधी स्वतःचा राग येतो, कधी तिचा, आणि मग नुसतं रडू येतं.

शेवटी तिच्या बाबांच्या कपाटातून एक जुना सदरा निघाला. पांढरा, ढगळ, इतका विरलेला की तोंडाशी नेला आणि तळहाताला वारा लागला. हे कुरकुरले, "माह्या आवडीचा आहे तो," पण दिला. कंपनीचा टी-शर्ट दिसलाच पाहिजे असा नियम आहे, तर ती तो सदरा वरून घालणार, बटणं उघडी ठेवून. बाह्या दुमडू नको म्हटलं. खिशात कांदा ठेवला. "याची भाजी करू काय मी तिथं?" म्हणून हसली, पण काढला नाही.

आज फलाटावर तोच सदरा अंगात घालून उभी होती. गाडी आली. दारात चढली, वळली आणि खिशावर हात ठेवून म्हणाली, "आजीपण असाच घालायची ना? मग तिला कधी ऊन नाही लागलं?" तू गेलीस एवढंच तिला ठाऊक आहे. कशानं गेलीस, ते मी तिला कधी सांगितलं नाही. मागची माणसं तिला आत ढकलत होती आणि ती माझ्या उत्तरासाठी दाराची दांडी धरून थांबली होती.

मी म्हटलं, "नाही बाप्पा. कधीच नाही."